जुन्या जीपचं इंजिन बांधायचं असेल तर: किनाऱ्यावरच्या गाडीसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

आमच्याकडे महिंद्राची सीएल ५५० आहे, फोर बाय फोर, डीआय इंजिन (डिझेल थेट सिलिंडरमधे फवारणारं). वर्षभर आगरातले नारळ, मार्च ते मे हापूसच्या पेट्या, पावसाआधी लाकूडफाटा, आणि वाडीतल्या कुणाची होडी वाळूतून वर ओढायची असली तर तीही हिच्यावरच. तिचं इंजिन आम्ही दोनदा बांधलं, म्हणजे पूर्ण खोलून, झिजलेलं बदलून परत जोडलं. पहिल्यांदा बांधलेलं दोन पावसाळे पण धड गेलं नाही, दुसऱ्यांदा बांधलेलं अजून चालू आहे. दोन्ही वेळेला मिस्त्री तेच आणि पार्टही त्याच दर्जाचे. फरक पडला तो मोजमापाने आणि दमट हवेपासून सांभाळण्याने, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण घाटावरची पद्धत आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यात जशीच्या तशी चालत नाही.

आधी आपलं इंजिन कुठलं ते बघा. जुन्या एमएम ५४० मधे प्युजोचं २११२ सीसी, आमच्यासारख्या डीआय जीपमधे २५२३ सीसी, जे इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या घराण्यातलं आहे, साडेतीन इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि चार इंच स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल). जुन्या जिप्सीत तर पेट्रोल, ९७० सीसी, नंतरच्यात १२९८. मी लिहितोय ते डीआय डिझेल डोळ्यासमोर ठेवून, पण मोजण्या-धुण्याचं सगळ्यांना लागू आहे. आकडे जिथे देतोय तिथे ते अंदाज येण्यासाठी समजा, अंतिम शब्द तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. ते मॅन्युअल मिळवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका हे अगदी मनापासून सांगतो.

काम खरंच निघालंय का

धूर दिसला की लोक म्हणतात इंजिन गेलं. थांबा जरा. काळा धूर म्हणजे बहुतेक वेळा नोझल (डिझेल फवारणारा), पंप नाहीतर चोंदलेला एअर फिल्टर, आणि आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ इतकी असते की फिल्टर महिन्यात भरतो. सकाळी थंड इंजिनला पांढरा धूर येऊन गेला तर ते न जळलेलं डिझेल, पण गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) किंवा हेडला क्रॅक. निळा धूर, सोबत ऑइल कमी होतंय, तो मात्र रिंग-लायनर (पिस्टनवरच्या कड्या आणि सिलिंडरची आतली नळी) किंवा वॉल्व्ह गाइडचा.

इंजिन चांगलं गरम करा, आयडलला ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढून बघा. थोडी वाफ चालते. पण चुलीत ओली लाकडं घातल्यासारखा भकभक धूर बाहेर येत असेल, झाकण नुसतं वर ठेवलं तरी उडत असेल तर रिंगांमधून गॅस खाली जातोय. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधे हवा किती दाबली जाते ते, मोजा. नोझल सगळे काढायचे, स्टॉप (डिझेल बंद करायची दांडी) ओढून ठेवायचा, बॅटरी फुल चार्ज, आणि नोझलच्या जागी अडॅप्टर लावून डिझेलचं गेज वापरायचं, पेट्रोलचं गेज फुटेल. अशा डिझेलला साधारण ३५० ते ४५० पीएसआय मिळालं तर तब्येत चांगली, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आहेत का. एकच पडलेला असेल तर वॉल्व्ह किंवा गॅस्केटचा संशय घ्या, चारही सारखेच पडले असतील तर झीज. पेट्रोल इंजिनात ऑइल ओतून परत कॉम्प्रेशन बघतात तसं डिझेलमधे करू नका, पिस्टनच्या वर जागाच इतकी कमी असते की ऑइल जास्त झालं तर कॉनरॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी जोडणारा) वाकेल. त्यापेक्षा दोन्ही वॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर आणून नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान द्या, हवा ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट, रेडिएटरमधे बुडबुडे आले तर गॅस्केट. हवा सोडताना इंजिन फिरू शकतं, गाडी गिअरमधे आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या, पंख्याजवळ हात नको.

तिसरं ऑइल प्रेशर. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर जाऊ नका, तो फार उशिरा पेटतो. मेकॅनिकल गेज लावा, इंजिन पूर्ण गरम असताना दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय पाहिजे असा जुना हिशोब आहे. त्याच्या खाली असेल तर बेरिंग आणि ऑइल पंप, म्हणजे खालचं कामही निघालं.

हे सगळे आकडे एका वहीत लिहा. आमच्या वहीत पहिल्या वेळचं पान कोरं आहे, कारण तेव्हा आम्ही काही मोजलंच नव्हतं, निळा धूर बघितला आणि इंजिन उतरवलं.

कधी करायचं

पावसाळ्यात गाडी उभीच असते म्हणून लोक तेव्हा इंजिन काढतात. माझं स्पष्ट मत, जून ते सप्टेंबर उघडं इंजिन ठेवायचं नाही. गणपती-नवरात्र झालं, पाऊस गेला, की लगेच सुरू करा, आणि पेट्यांची धावपळ लागायच्या आत गाडी रस्त्यावर पाहिजे. मशीन शॉपला द्यायला लागणारे दिवस धरून दीड-दोन महिने हातात ठेवा. घाईत केलेलं इंजिन काम हे परत करायचंच काम असतं.

उतरवणं

बॅटरी सोडवा, पाणी आणि ऑइल काढा (ऑइल एका स्वच्छ पातेल्यात काढून उन्हात धरून बघा, तांब्यासारखी चमक दिसली तर बेरिंग घासलेत), मग बॉनेट, ग्रिल, रेडिएटर. प्रत्येक वायरला आणि पाइपला मास्किंग टेप लावून नंबर, आणि मोबाइलवर फोटो, भरपूर फोटो. डिझेलच्या पाइपांची तोंडं लगेच बंद करा, त्यात धुळीचा एक कण गेला तरी पंपाचं काम निघतं. किनाऱ्यावरच्या गाडीला सायलेन्सर मॅनिफोल्डचे आणि बेल हाउसिंगचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात, त्यांना दोन दिवस आधीपासून पेनेट्रेटिंग ऑइल मारत राहा, ताकदीने तोडलेला एक स्टड काढायला अख्खा दिवस जातो.

फोर बाय फोरमधे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जागेवरच ठेवून इंजिन पुढे सरकवून काढायचं हे सोपं. पण त्याआधी गिअरबॉक्सच्या खाली जॅक लावून वजन घ्या, नाहीतर सगळा भार इनपुट शाफ्टवर येतो आणि क्लच प्लेटचा हब वाकतो. इंजिन दोनशे किलोच्या वर आहे. आमच्याकडे सर्रास आंब्याच्या फांदीला चेन कप्पी लावतात, तसं कृपा करून करू नका, फांदी आतून पोकळ आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. लोखंडी तिकाटणं नाहीतर इंजिन क्रेन भाड्याने आणा, आणि लटकत्या इंजिनाखाली हात सुद्धा घालू नका.

इंजिन बाहेर आहे तोवर ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलचं ऑइल बघून घ्या. गाडी पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) जात असेल आणि ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, सील आत्ताच बदला.

खोलताना

एकच नियम, जे जिथून निघालं ते तिथेच परत जाणार. मेन बेरिंगच्या कॅपना पुढून मागे नंबर, कॉनरॉड आणि त्याची कॅप यांना जोडीने नंबर, कारण त्या जोडीनेच मशीन झालेल्या असतात, अदलाबदल झाली की क्रँक जाम. पुश रॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. टायमिंग गिअरच्या खुणा जुळवून फोटो काढा आणि मगच गिअर सोडवा. लायनरच्या वरच्या टोकाला नखाला लागेल असा काठ तयार झालेला असेल तर तो रीमरने काढून मग पिस्टन वर ढकला, नाहीतर रिंगा आणि पिस्टनचे लँड तुटतात.

मोजणं

इथे वेळ द्या. बोअर गेज आणि मायक्रोमीटर तुमच्याकडे नसेल तर मशीन शॉपमधे उभं राहून आपल्यासमोर मोजून घ्या. प्रत्येक बोअर वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा दोनदा. चार बोअरचे चोवीस आकडे होतात, सगळे वहीत. वर आणि खाली यातला फरक म्हणजे टेपर, आडवा-उभा यातला फरक म्हणजे बोअर अंडाकार झालाय ते. आमच्या इंजिनात चौथ्या सिलिंडरला सगळ्यात जास्त झीज निघाली आणि शोधता शोधता कळलं की ब्लॉकच्या मागच्या बाजूला पाण्याच्या वाटेत गंजाचा गाळ बसला होता, तिथे पाणीच खेळत नव्हतं. नुसतं बोअर करून दिलं असतं तर तोच सिलिंडर परत गेला असता.

झीज शंभरेक मायक्रॉन म्हणजे ०.१० मिमीच्या पुढे गेली असेल तर नुसत्या नवीन रिंगा टाकून काही होत नाही, ज्याला हाफ इंजिन म्हणतात ते तेव्हा पैसे वाया घालवणं आहे. रीबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, ०.२५, ०.५०, ०.७५ मिमी असे मिळतात, मिस्त्री त्यालाच दहा, वीस, तीस थाऊ म्हणतात (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). नाहीतर नवीन लायनर घालून परत स्टँडर्ड पिस्टन. आणि हे लक्षात ठेवा, पिस्टन आधी आणायचे, मशीनवाल्याच्या हातात द्यायचे, त्याने ते मोजायचे आणि त्या पिस्टनला लागेल तेवढं बोअर करायचं. यादीतल्या साइजवर बोअर करून मग पिस्टन आणले की क्लिअरन्स (दोघांमधली फट) नशिबावर.

क्रँकचंही तसंच, प्रत्येक जर्नल (बेरिंगमधे फिरणारा भाग) मोजा, ओरखडा नखाला लागत असेल तर ग्राइंड करून अंडरसाइज बेरिंग. ग्राइंड करणाऱ्याला जर्नलच्या कडेची गोलाई तशीच ठेवायला सांगा, तिथे कोपरा काटकोनात आला की क्रँक तिथूनच तुटतो. क्रॅक टेस्ट करून घ्या, तो खर्च टाळू नका. कॉनरॉड सरळ आहेत का, स्मॉल एंड बुश, कॅमच्या लोबवर खड्डे, टॅपेटची तळं, ऑइल पंपाची झीज, सगळं.

हेडवर स्टीलची सरळ पट्टी आडवी-उभी-तिरकी ठेवून खालून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. बाक असेल तर फेसिंग (तळ मशीनवर सपाट घासणं), पण डिझेलच्या हेडला मनाला येईल तेवढं घासता येत नाही, वॉल्व्ह पिस्टनला लागायला वेळ लागत नाही. दोन वॉल्व्हच्या मधे बारीक क्रॅक असतात, त्यासाठी प्रेशर टेस्ट. सीट कटिंग आणि लॅपिंग (वॉल्व्ह त्याच्या सीटवर घासून बसवणं) झाल्यावर वॉल्व्ह बसवून पोर्टमधे रॉकेल ओता आणि चहा पिऊन या, खाली थेंब दिसला तर परत लॅपिंग.

मशीनचं काम आम्ही दुसऱ्या वेळी आंबा घाटाने वर जाऊन कोल्हापूरला उद्यमनगरात केलं. ऑइल इंजिनांच्या कामात मुरलेली माणसं आहेत तिथे. पण जवळ रत्नागिरी-चिपळूणला नीट मोजून देणारा माणूस असेल तर तो जास्त चांगला, कारण बोअर केलेला ब्लॉक जितका कमी वेळ रस्त्यावर तितकं बरं.

धुणं आणि गंज

आता ते सांगतो ज्याच्यामुळे आमचं पहिलं इंजिन वाया गेलं. होनिंग (रिंग बसायला बोअरमधे बारीक तिरक्या रेषा पाडणं) करून ब्लॉक आला, संध्याकाळ झाली होती, पाऊस सुरू होता. पडवीत ठेवला, वरून जाड प्लास्टिक गुंडाळून घट्ट बांधलं, सुरक्षित आहे असं समजून झोपलो. सकाळी प्लास्टिक काढलं तर आतून पाण्याचे थेंब आणि चारही बोअरमधे चहाच्या डागासारखा तांबूस थर. मिस्त्री म्हणाले, पॉलिश पेपर मारून घेऊ. मारला. डोळ्यांना दिसेनासा झाला, पण होनिंगच्या रेषा त्या जागी पुसल्या गेल्या, रिंग कधी नीट बसलीच नाही, आणि दीड वर्षात निळा धूर परत.

ताजं कापलेलं बीड (ओतीव लोखंड) आपल्या हवेत तासाभरात गंज धरतं. म्हणून क्रम असा ठेवा. होनिंगनंतर ब्लॉक नुसता डिझेलने धुवायचा नाही, डिझेलने होनिंगची पूड निघत नाही, उलट रेषांमधे बसते. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर आणि ताठ ब्रश, बोअर जोर लावून घासा. पाणी गोडं घ्या, किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीचं बिलकुल नको. ऑइल गॅलरीचे प्लग काढून लांब ब्रश आरपार फिरवा, क्रँकच्या भोकांतूनही. मग हवेने लगेच कोरडं करा, आणि पांढऱ्या जुन्या बनियनच्या तुकड्याला ऑइल लावून बोअर पुसा. तुकडा करडा निघेल. परत धुवा, परत पुसा. कापड पांढरं निघेपर्यंत, आमच्याकडे तीन वेळा लागलं. ती करडी पूड म्हणजे होनिंगच्या दगडाची भुकटी, ती राहिली की नवीन रिंगा पहिल्या हजार किलोमीटरमधेच खाते.

शेवटचं पुसणं झाल्याबरोबर सगळीकडे ऑइलचा हात. झाकायला जुनं सुती धोतर किंवा चादर, ऑइल मारलेली, आणि त्यावर सैल काहीतरी. प्लास्टिकमधे घट्ट बांधायचं असेल तर आतला पार्ट ऑइलने चिंब असेल तरच. क्रँक उभा करून ठेवा, आडवा ठेवून महिनाभर पडला तर वाकू शकतो. आणि जमिनीवर नको, फळीवर.

पाण्याची बाजू पण याच वेळी. वेल्च प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांची पत्र्याची झाकणं) सगळे नवीन, गाळ तारेने आणि पाण्याच्या जोराने काढा. रेडिएटर उघडून रॉड मारून (नळ्यांतला गाळ सळईने काढून) घ्या, खाऱ्या वाऱ्याने फिन हिरव्या पावडरीसारख्या झडत असतील तर कोअरच बदला. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे सवय आहे, गरम होते म्हणून, पण मग इंजिन कधी नीट तापतच नाही आणि झीज वाढते. नवीन बसवा. पाण्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, विहिरीचं पाणी कायमचं बंद.

बांधणं

हात धुतलेले, जागा झाडलेली, वारा नसलेला दिवस. मेन बेरिंग बसवा, प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटा होणाऱ्या बारीक धाग्याने) क्लिअरन्स बघा, मग असेंब्ली ऑइल लावून एकेक कॅप ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या मापाने) आवळा आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. जिथे जड झाला ती कॅप गुन्हेगार. क्रँक पुढे-मागे ढकलून एंड फ्लोट तपासा.

रिंगचा गॅप बघायला रिंग बोअरमधे घाला, पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकला आणि फीलर घाला. हिशोब बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ, म्हणजे आपल्या साडेतीन इंची बोअरला साधारण ०.२७ ते ०.३५ मिमी. कमी असेल तर बारीक कानशीने टोक घासा, नाहीतर गरम झाल्यावर टोकं भिडून बोअर फाडतात. बसवताना तिन्हीचे गॅप वेगवेगळ्या दिशेला. पिस्टनवरची पुढची खूण पुढेच. कॉनरॉडचे बोल्ट नवीन घ्या.

हेडचे बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळा, तीन टप्प्यात, टॉर्क पान्याने. "इतकी वर्षं हाताच्या अंदाजाने आवळतोय" असं मिस्त्री म्हणाले होते, मी फक्त एवढंच म्हटलं की काका, ह्या वेळी माझ्यासाठी पाना वापरा, आणि वापरला त्यांनी. सिलिकॉन मोजकंच लावा, आत पिळून आलेला तुकडा सुटून ऑइलच्या जाळीवर बसतो.

पंप आणि नोझल पंप रूमला देऊन कॅलिब्रेट करून घ्या, नोझलखालचे तांब्याचे वॉशर नवीन. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेरिंग आणि मागचा ऑइल सील, इंजिन बाहेर असतानाच बदला. आणि ब्लॉक ते चासी अर्थिंगची पट्टी, ती आपल्याकडे गंजून तुटलेली असतेच, नवीन टाकून ग्रीस लावा.

टर्बो लावू का, मोठं इंजिन टाकू का

बरेच जण विचारतात. मोठं इंजिन टाकलं की गिअरबॉक्स, कूलिंग, ब्रेक, सगळ्यालाच हात घालावा लागतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, परवानगीशिवाय बदल चालत नाही. रीबोअरमधे ब्लॉक तोच, इंजिन नंबर तोच, कागदाला हात नाही. ब्लॉक बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी नूतनीकरणाला न्यायची असते, तेव्हा नंबर जुळला नाही की अडकलात. त्याच पैशात मी म्हणेन ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरचं खरं गेज आणि डिझेल लाइनला चांगला वॉटर सेपरेटर बसवा, दमट हवेत टाकीत पाणी साठतंच.

पहिला स्टार्ट आणि नंतर

फिल्टर ऑइलने भरून बसवा. डिझेल लाइनची हवा काढा, आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, मग नोझलचे नट सैल करून. स्टॉप ओढून ठेवून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मधे थांबत, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. मगच चालू करा. आयडलला सोडू नका, १५०० च्या आसपास वीस मिनिटं, एकाने गेजवर नजर ठेवायची आणि एकाने गळती बघायची.

मग लगेच रस्त्यावर. तासनतास उभी ठेवून चालवली तर रिंगा बसत नाहीत, बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो. रिंग बसायला लोड लागतो, कमी-जास्त होणारा, आणि त्यासाठी आपले चढ-उताराचे रस्ते एक नंबर. गुहागर-चिपळूण सारखा रस्ता घ्या, चढाला मध्यम लोड, उताराला पाय काढून. पूर्ण भरलेली गाडी घेऊन घाट मात्र पहिल्या ५०० किलोमीटरमधे नको. ऑइल साधं मिनरल, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट परत सेट करा, तुमच्या गॅस्केटला लागत असेल तर हेड परत टॉर्क करा. त्याच दिवशी कॉम्प्रेशन मोजून वहीत जुन्या आकड्याशेजारी लिहा. हजार होईपर्यंत पुळणीवर होडी ओढायला न्यायची नाही, कुणी कितीही जवळचा असला तरी. त्यानंतर न्या, आणि आल्याबरोबर खालून गोड्या पाण्याने धुवा, रेडिएटरच्या पुढून-मागून सुद्धा.